नानीची टोपी आणि भाचीचा रेणू



रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. शीरखुर्म्याची पातेली घासून झाली होती, पाहुण्यांची वर्दळ ओसरली होती आणि घरात आम्ही चौघेच उरलो होतो. माझी अम्मी, माझी मोठी बहीण, तिची मुलगी आणि मी. भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. तिसरे वर्ष चालू आहे. एरवी ईदला आली की घर डोक्यावर घेणारी ही पोर या वेळी गप्पगप्प होती. बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितले, "पाच महिने झाले, हिचे काम पुढेच सरकत नाही. फोनवर रडते. इकडे एक चांगले स्थळ आले आहे. मला वाटते, सोडून द्यावे आता हे सगळे. तू रसायनशास्त्राचा मास्तर, तूच बोल तिच्याशी."

मी बोलण्याआधीच अम्मीने विषय काढला. अम्मी दिवाणावर बसून क्रोशाने नातवाची टोपी विणत होती. हात न थांबवता तिने विचारले, "बेटा, तिथे दिवसभर तू नेमके करतेस तरी काय?"

भाची म्हणाली, "नानी, मी रेणू बनवते. पण तो बनत नाही."

त्या दुपारी आम्ही दीड-दोन तास बोलत बसलो. त्यात अम्मीचे प्रश्न होते, भाचीची उत्तरे होती आणि मधूनमधून माझी मास्तरकी होती. या महिन्याचा लेख म्हणजे तेच बोलणे, जरा नीट लावून.

रेणूलाही हात असतात

लहानपणी दस्तरखानावर बसलो की आपल्याला पहिली गोष्ट शिकवली जाते ती म्हणजे उजव्या हाताने जेवायचे. आपले दोन्ही हात दिसायला अगदी सारखे. पाच बोटे, एक अंगठा, एक तळवा. तरीही उजवा हात डाव्या हातावर तंतोतंत ठेवता येत नाही. आरशासमोर उजवा हात धरला तर आरशात डावा दिसतो. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही.

रेणूंचेही असेच असते. कार्बनच्या अणूला चार बंध असतात. त्या चारही बंधांना चार वेगवेगळ्या गोष्टी जोडल्या असतील, तर त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, आणि त्या दोन मांडण्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. अणू तेच, वजन तेच, कोणाला कोण जोडले आहे तेही तेच. फरक फक्त हाताचा. रसायनशास्त्रात याला कायरॅलिटी म्हणतात. हा शब्दच ग्रीक भाषेतल्या 'हात' या शब्दावरून आला आहे.

हे पहिल्यांदा हाताने वेगळे करून दाखवले ते लुई पाश्चर यांनी, 1848 साली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. द्राक्षाच्या रसातून मिळणाऱ्या एका आम्लाच्या क्षाराचे स्फटिक त्यांनी भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्यात दोन प्रकारचे स्फटिक दिसले, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. तांदूळ निवडावेत तसे त्यांनी ते चिमट्याने एकेक करून वेगळे केले. त्यामागे कार्बनचे चार बंध आहेत हे मात्र 1874 मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले.

अम्मीने विचारले, "पण हाताने असा काय फरक पडतो?"

मी म्हटले, "अम्मी, बिर्याणीत तू पुदिना घालतेस आणि शहाजिरेही घालतेस. दोघांचा वास सारखा येतो का?"

युरोपात ज्याला कॅरावे म्हणतात त्या शहाजिऱ्याच्या तेलात आणि आपल्या पुदिन्याच्या तेलात वास देणारा मुख्य रेणू एकच आहे, कार्व्होन. पुदिन्यात त्याचा एक हात असतो, शहाजिऱ्यात दुसरा. बाळंतशेपांतही शहाजिऱ्यातलाच हात सापडतो. आपल्या नाकात वास ओळखणारी जी प्रथिने आहेत ती स्वतः एका हाताची आहेत. म्हणून मोजा कोणत्या हातात बसतो हे त्यांना लगेच कळते. जे नाकाचे, तेच साऱ्या शरीराचे. औषधाचा रेणू शरीरातल्या एखाद्या प्रथिनात जाऊन बसतो तेव्हा त्याचा हात जुळावा लागतो.

याचा पुरावा तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात असेल. सर्दी-खाजेवर दिली जाणारी सेटिरिझिनची गोळी मोठ्या माणसासाठी साधारणपणे 10 मिलिग्रॅमची असते. लिव्होसेटिरिझिनची 5 मिलिग्रॅमची असते. पहिलीत दोन्ही हात निम्मेनिम्मे आहेत, दुसरीत फक्त कामाचा हात ठेवला आहे. 'लिव्हो' म्हणजे डावे. थायरॉइडसाठी घेतल्या जाणाऱ्या लिव्होथायरॉक्सिनच्या नावातही तेच आहे. (नाव पाहून कोणीही आपली गोळी स्वतःहून बदलू नये. ते डॉक्टरांचे काम.)

हाताचा विचार निघाला की थॅलिडोमाइडचे नाव येतेच. 1957 पासून पश्चिम जर्मनीत आणि नंतर अनेक देशांत विकले गेलेले हे औषध गरोदर स्त्रियांनी मळमळीवर घेतले आणि दहा हजारांहून अधिक बाळे हातापायांच्या व इतर व्यंगांसह जन्मली. 1961 च्या अखेरीस ते बाजारातून काढले जाऊ लागले. त्यात दोन्ही हातांचे मिश्रण होते. 'एकच हात दिला असता तर अनर्थ टळला असता' असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते, पण ते बरोबर नाही. या रेणूचे दोन हात शरीरात गेल्यावर आपोआप एकमेकांत बदलतात. मात्र औषधाच्या प्रत्येक हाताची वेगळी चौकशी झाली पाहिजे, ही जाणीव पुढे पक्की होत गेली. 1992 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यासाठी धोरणच जाहीर केले.

जीवाणूंचा कारखाना

एक कार्बन असेल तर दोन हात. पण निसर्गातल्या औषधी रेणूंमध्ये असे हात असलेले कार्बन एकापाठोपाठ एक असतात. दोन असले तर चार प्रकार, तीन असले तर आठ. दहा असले तर 1024. या 1024 जुळ्या भावंडांपैकी औषध म्हणून काम करणारे बहुधा एकच.

एरिथ्रोमायसिन घ्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना वर्षानुवर्षे दिले जाणारे हे प्रतिजैविक 1952 मध्ये बाजारात आले. ते फिलिपीन्समधल्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका जीवाणूपासून मिळते. आपल्या घरोघरी पोचलेले अझिथ्रोमायसिन हे याच एरिथ्रोमायसिनमध्ये थोडा बदल करून झाग्रेबच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये तयार केले.

हा जीवाणू तो रेणू कसा बनवतो हे पाहिले की थक्क व्हायला होते. त्याच्याकडे प्रथिनांची एक रांग असते, कारखान्यातल्या पट्ट्यासारखी. एका लहान तुकड्यापासून सुरुवात होते. रांगेतले पहिले ठाणे त्याला एक तुकडा जोडते आणि साखळी पुढच्या ठाण्याकडे देते. ते तसलाच आणखी एक तुकडा जोडते. अशी सहा ठाणी, सहा तुकडे. प्रत्येक वेळी तुकडा तोच, काम जवळपास तेच, पण प्रत्येक ठाण्यावर हात कोणता ठेवायचा हे ठरलेले. शेवटी साखळीची दोन टोके जुळून कडे तयार होते.

माणसाला हेच काचेच्या भांड्यात करायला किती कष्ट पडले ते पाहा. रॉबर्ट वुडवर्ड हे विसाव्या शतकातले सर्वांत मोठे संश्लेषण-रसायनशास्त्रज्ञ मानले जातात. 1965 चे नोबेल त्यांना मिळाले. त्यांच्या गटाने एरिथ्रोमायसिन प्रयोगशाळेत बनवले, पण ते काम प्रसिद्ध झाले 1981 मध्ये, खुद्द वुडवर्ड वारल्यानंतर दोन वर्षांनी. त्यावर जवळपास पन्नास जणांची नावे आहेत. माणसाकडे जीवाणूसारखी रांग नव्हती. प्रत्येक जोडणीसाठी वेगळी युक्ती शोधावी लागत होती, आणि जोडणी झाली की पुढच्या जोडणीसाठी टोक तयार करण्यातच अनेक पायऱ्या जात होत्या.

एक टाका, पुन्हा तोच टाका

इथपर्यंत ऐकून अम्मी म्हणाली, "म्हणजे दर टाक्याला नवी सुई आणि नवा दोरा. असे कोणी विणते का?"

भाचीच्या चेहऱ्यावर ईदच्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आले. ती उठून नानीजवळ बसली आणि तिने तिच्या हातातली टोपी उचलली.

"नानी, तू टाका घालतेस तेव्हा सुईवर एक फास असतो. त्या फासातून दोरा ओढलास की टाका पडतो, आणि सुईवर पुन्हा एक नवा फास तयार असतो. पुढच्या टाक्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. आम्हाला नेमके हेच हवे होते. असा टाका, जो घातला की पुढच्या टाक्याची जागा आपोआप तयार."

तसा टाका सापडला तो बोरॉनमध्ये. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात वरिंदर अग्रवाल नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांचा जन्म भारतातला, शिक्षण आणि काम इंग्लंडमधले. त्यांच्या गटाने 2014 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपले काम प्रसिद्ध केले. त्याची पद्धत अशी. कार्बनच्या साखळीच्या टोकाला बोरॉनचा अणू बसवलेला असतो. हा झाला सुईवरचा फास. दुसरीकडे बाटलीत एक छोटा तुकडा असतो. त्यात लिथियम जोडलेला एक कार्बन, त्या कार्बनला एक मिथाइल, आणि सहज सुटून जाईल असा एक मोठा गट. या तुकड्याचा हात आधीच ठरवलेला असतो. उजव्या हाताचा हवा तर एक बाटली, डाव्या हाताचा हवा तर दुसरी.

हा तुकडा साखळीत टाकला की तो बोरॉनला चिकटतो. मग भांडे हळूहळू गरम होऊ दिले की साखळी बोरॉनवरून उडी मारून नव्या कार्बनवर जाते, मोठा गट सुटून बाहेर पडतो, आणि साखळी एका कार्बनने लांब होते. टोकाला काय उरते? पुन्हा बोरॉन. फास तयार. आता पुढची बाटली उघडायची.

यात सर्वांत मोलाची गोष्ट अशी की नव्या कार्बनचा हात कोणता असेल हे बाटली ठरवते, साखळीत आधी काय विणले गेले आहे ते नाही. आधीच्या बहुतेक पद्धतींमध्ये साखळीचा आपला स्वतःचा कल असायचा, आणि त्या कलाविरुद्ध जायचे तर झगडावे लागायचे. इथे विणणाऱ्याची मर्जी चालते. अशा अभिक्रियांना स्टिरिओसिलेक्टिव्ह म्हणतात, म्हणजे हात सांभाळणाऱ्या अभिक्रिया. त्याच त्या अभिक्रियेची आवर्तने करत ब्रिस्टलच्या गटाने अशी साखळी बनवली, जिच्यात एकाला लागून एक असे दहा कार्बन आहेत, प्रत्येकावर एक मिथाइल, आणि प्रत्येकाचा हात ठरवून बसवलेला.

आता यातला सर्वांत सुंदर भाग. त्यांनी हातांचा क्रम बदलून अशा काही साखळ्या बनवल्या. अणू तेच, संख्या तीच. पण एका क्रमाने हात ठेवले तर साखळी सरळ काठीसारखी राहिली, आणि दुसऱ्या क्रमाने ठेवले तर गोल जिन्यासारखा पीळ घेऊन बसली. कारण शेजारपाजारची मिथाइले एकमेकांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरतात, आणि कोणी कुठे सरकायचे हे हातांच्या क्रमावर ठरते.

हे ऐकून अम्मी अजिबात चकित झाली नाही. ती म्हणाली, "टोपीचेही तसेच आहे. दर फेऱ्याला टाके वाढवत गेले तर थाळीसारखे सपाट होते. वाढवायचे थांबले की कडा खाली वळते आणि टोपी होते. टाका तोच असतो. कुठे वाढवायचा आणि कुठे नाही, एवढेच."

मी तीस वर्षे शिकवतो आहे. रेणूचा आकार यापेक्षा सोप्या शब्दांत मला कधी समजावून सांगता आला नाही.

क्षयाचा जीवाणू आणि तोच टाका

हे काम केवळ हौसेचे नाही. याच पद्धतीने ब्रिस्टलच्या गटाने 2015 मध्ये हायड्रॉक्सीफ्थिओसेरानिक आम्ल नावाचा लांबलचक रेणू बनवला. नाव अवघड आहे, पण त्याचे मूळ आपल्या फार जवळचे. हा क्षयरोगाच्या जीवाणूच्या आवरणातल्या एका मेदाचा भाग आहे. त्याच्या साखळीत एक सोडून एक कार्बनवर अशी आठ मिथाइले आहेत, प्रत्येकाचा हात ठरलेला. जीवाणू आपले चिलखत कशाने विणतो हे समजून घ्यायचे तर त्या चिलखताचा धागा शुद्ध स्वरूपात हातात हवा. तो जीवाणूपासून वेगळा काढणे कटकटीचे असते. बनवता आला तर अभ्यास करणाऱ्याला हवा तेवढा मिळतो.

सत्तर आणि तीस

"मग तुझे अडले कुठे?" अम्मीने विचारले.

भाचीने वहीत आकडे लिहून दाखवले. तिला तिच्या रेणूत असाच एक टाका लागोपाठ सहा वेळा घालायचा आहे. पहिलाच टाका घातला की ती त्याची तपासणी करते. यंत्र एक आलेख काढते. एकच हात असेल तर आलेखावर एकच उंच डोंगर दिसायला हवा. तिला दर वेळी दोन दिसतात, एक मोठा आणि एक लहान. शंभरातले सत्तर रेणू हव्या त्या हाताचे, तीस नको त्या हाताचे. पाच महिने हाच आलेख.

बहीण म्हणाली, "सत्तर टक्के म्हणजे पहिला वर्ग की!"

परीक्षेत सत्तर टक्के चांगले असतील, इथे नाहीत. हिशोब करून पाहा. पहिल्या टाक्यात शंभरातले सत्तर बरोबर. दुसऱ्यात त्या सत्तरांतले सत्तर टक्के, म्हणजे एकोणपन्नास. असे करत सहाव्या टाक्यानंतर सगळे हात बरोबर असलेले रेणू उरतात शंभरात जेमतेम बारा. बाकीचे अठ्ठ्याऐंशी कुठे ना कुठे चुकलेले. शिवाय ते त्रेसष्ट वेगवेगळ्या प्रकारांनी चुकलेले असू शकतात, आणि सर्वांचे वजन अगदी तेच. त्यातून बरोबर असलेले बारा वेचायचे म्हणजे मिसळलेल्या तांदळातून तांदूळ निवडण्यासारखे.

तेच प्रमाण 95 टक्के असते तर सहा टाक्यांनंतर सुमारे 73 उरले असते. 99 टक्के असते तर 94. एकाच टाक्यासाठी 95 आणि 99 मध्ये फारसा फरक वाटत नाही. पण जिथे तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असते, तिथे लहानशी चूकही पुन्हा पुन्हा होते. म्हणून ब्रिस्टलच्या गटाची खरी मेहनत दहा टाके घालण्यात नव्हती. एक टाका जवळजवळ न चुकणारा करण्यात त्यांची अनेक वर्षे गेली होती.

अम्मीने हातातली टोपी उलटी करून दाखवली. "आज सकाळी मी चार फेरे उसवले. मागे एक टाका सुटला होता. वरून कळत नव्हते, पण टोपी एका बाजूला ओढली जात होती."

भाची म्हणाली, "नानी, तुला उसवता तरी येते. रेणू उसवता येत नाही. फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते."

अडीच महिने

बहीण इतका वेळ ऐकत होती. मग तिने तो प्रश्न विचारला, जो तिच्या मनात खरोखर होता. "हे सगळे ठीक. पण पोरीने आयुष्याची वर्षे यात का घालायची? औषधे दुकानात मिळतातच की."

मी तिला स्पंजाची गोष्ट सांगितली. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री स्पंजात 1986 मध्ये हिराता आणि उएमुरा या शास्त्रज्ञांना हॅलिकॉन्ड्रिन बी नावाचा रेणू सापडला. कर्करोगाच्या पेशींवर तो विलक्षण प्रभावी होता. अडचण एकच. पुढे न्यूझीलंडजवळच्या समुद्रातून एक टन स्पंज काढला, तेव्हा त्यातून मिळाला फक्त 300 मिलिग्रॅम. म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. समुद्र रिकामा केला असता तरी रुग्णांना पुरेल एवढे औषध मिळाले नसते.

हार्वर्ड विद्यापीठातल्या योशितो किशी यांच्या गटाने 1992 मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत बनवला. तो बनवता येऊ लागल्यावर लक्षात आले की सगळा रेणू लागतच नाही, त्याचा अर्धा भागच काम करतो. त्या अर्ध्या भागात थोडे बदल करून एका जपानी औषध कंपनीने एरिब्युलिन तयार केले. त्यात हात असलेले कार्बन आहेत 19. ते बनवायला साठहून अधिक पायऱ्या लागतात. इथे एकच टाका पुन्हा पुन्हा घातलेला नाही, वेगवेगळ्या अभिक्रिया वापरल्या आहेत. रेणूचे भाग आधी वेगवेगळे बनवून मग जोडतात. कुर्त्याच्या बाह्या वेगळ्या शिवून नंतर लावतात तसे. पण अट तीच, प्रत्येक हात बरोबर पडला पाहिजे. नोव्हेंबर 2010 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी.

खोलीत शांतता झाली. आमची धाकटी खाला याच आजाराने गेली, 2003 मध्ये. तेव्हा हे औषध नव्हते. असते तर ती वाचली असती, असे मी बहिणीला सांगितले नाही, कारण ते खरे नाही. ज्या चाचणीवरून या औषधाला मान्यता मिळाली, तिच्यात इतर उपचारांच्या तुलनेत रुग्णांना साधारण अडीच महिने अधिक मिळाले होते. एवढेच.

पण अडीच महिने म्हणजे काय हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खाला गेली तेव्हा तिच्या मुलीचा निकाह पाच आठवड्यांवर आला होता.

बहीण उठली आणि चहा ठेवायला आत गेली. त्यानंतर त्या दुपारी तिने स्थळाचा विषय काढला नाही.

त्यानंतर

भाची दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेली. तिच्या प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ संशोधक मुलीने तिचे काम शेजारी उभे राहून पाहिले आणि एक गोष्ट सांगितली. ही अभिक्रिया उणे 78 अंश सेल्सिअसला करावी लागते, कारण लिथियम जोडलेला तुकडा त्याहून गरम झाला तर आपला हात विसरू लागतो. भांडे थंडच होते. पण भाची त्यात दुसरे द्रावण पिचकारीने सरळ मधोमध सोडत होती, तेही घाईने. द्रावण जिथे पडत होते तिथे क्षणभर उष्णता वाढत होती. आता ती ते भांड्याच्या थंड भिंतीवरून, थेंबाथेंबाने, वीस मिनिटे लावून सोडते. भिंतीवरून उतरताना ते आपोआप गार होते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. सत्तरचे अठ्ठ्याऐंशी झाले आहेत. अजून पुरेसे नाही. दुसरा डोंगर आलेखावर अजून दिसतो, पण लहान झाला आहे. स्थळाकडच्या लोकांना बहिणीने कळवले आहे की मुलगी अजून दोन वर्षे शिकणार आहे, थांबायची तयारी असेल तर इन्शाअल्लाह पुढे बोलू. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

जाता जाता ज्या घरांत बारावी विज्ञान किंवा बी.एस्सी. करणारी मुले-मुली आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे नुसते पाठांतर, असा समज आपल्याकडे फार आहे. या विषयात पुढे जायचे तर बी.एस्सी. नंतर आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी.साठी 'जॅम' ही प्रवेश परीक्षा असते, आणि एम.एस्सी. नंतर संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवण्यासाठी सीएसआयआर-नेट. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था या आपल्याच राज्यात आहेत. मुलीला या वाटेवर पाठवलेत तर एक लक्षात ठेवा. महिनोन्‌महिने काही घडत नाही असे दिसेल. त्या काळात तिला 'झाले का?' असे रोज विचारू नका.

टोपी शुक्रवारी पूर्ण झाली. नातवाला ती जराशी सैल होते, पण अम्मी म्हणते की डोके वाढेल.

तुमच्या घरातल्या औषधांच्या पट्ट्यांवर 'लिव्हो' किंवा 'डेक्स' अशी सुरुवात असलेली कोणती नावे सापडतात, ते मुलांना शोधायला लावा आणि आम्हाला जरूर कळवा. खुदा हाफिज.